सरकारचा पैसा छावणीपर्यंत कसा पोहोचतो

2010 च्या उत्तरार्धापासून दुष्काळाची पूर्वसूचना देणाऱ्या यंत्रणा सोमालियाबद्दल इशारे देत होत्या. पाऊस हुकला होता, जनावरं मरत होती, धान्याचे भाव चढत होते. मदत संस्थांनी सरकारांना पैसे मागितले. मोठा निधी हलला तो मात्र 20 जुलै 2011 रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण सोमालियाच्या दोन भागांत दुर्भिक्ष जाहीर केल्यानंतर. पुढे झालेल्या अभ्यासानुसार त्या आपत्तीत सुमारे 2 लाख 58 हजार माणसं गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुलं होती. 2017 मध्ये त्याच देशावर पुन्हा तशीच वेळ आली. या खेपेला पैसा लवकर आला आणि दुर्भिक्ष टळलं.

इशारे दोन्ही वेळा होते. 2011 ची बोच सगळ्यांच्या मनात ताजी होती, मोबाइलवरून थेट रोख मदत पोहोचवण्याची सोय झाली होती, अशी बरीच कारणं फरकामागे आहेत. पण देणाऱ्या सरकारातल्या कुणीतरी वेळेत सही करावी लागते, आणि ती सही करण्याइतका विश्वास मागणाऱ्या संस्थेवर असावा लागतो. हा विश्वास संकट आल्यावर तयार करता येत नाही. तो आधीच्या शांत महिन्यांत साचत जातो. मोठ्या मदत संस्थांमध्ये देणाऱ्या सरकारांशी संबंध सांभाळायला वेगळी माणसं नेमलेली असतात. त्यांचं काम बातम्यांत दिसत नाही, म्हणून ते नीट समजावून सांगावंसं वाटतं.

‘सरकारने मदत दिली’ असं आपण सहज म्हणतो. काम करताना या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण तिथे सरकार नावाची एक व्यक्ती नसते, माणसांची उतरंड असते. युरोपियन युनियनचं उदाहरण घेऊ. 1992 मध्ये स्थापन झालेला त्यांचा मानवतावादी मदत विभाग ‘एको’ या नावाने ओळखला जातो. ब्रसेल्समध्ये एकेका देशाची जबाबदारी असलेला डेस्क ऑफिसर असतो. नैरोबीसारख्या शहरात या विभागाचे तज्ज्ञ बसतात, ते छावण्यांत जाऊन काम पाहतात आणि आपलं मत ब्रसेल्सला कळवतात. कराराचे आणि हिशेबाचे अधिकारी वेगळे. त्यानंतर लेखापरीक्षक. आणि सगळ्यांच्या वर युरोपियन संसद, जिच्या मंजुरीशिवाय अर्थसंकल्प पुढे सरकत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, जर्मनी, जपान, प्रत्येकाची रचना निराळी, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: तुमच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला कुणालातरी वर उत्तर द्यायचं असतं.

डेस्क ऑफिसरला दुपारी वरून फोन येतो की अमुक खासदाराने विचारलंय, आपला पैसा सुदानमध्ये नेमका कुणापर्यंत पोहोचतोय, उद्या सकाळपर्यंत टिपण हवं. त्या क्षणी त्याच्या हाताशी तुमचा ताजा, स्पष्ट, खरा मजकूर असेल तर तो तुमचं काम मांडतो. नसेल तर ज्याच्याकडे असेल त्याचं मांडतो. संबंध सांभाळणाऱ्या माणसाने आपलं सगळं लिखाण हा फोन डोळ्यांसमोर ठेवून करावं, असं माझं ठाम मत आहे. स्वागत समारंभ, भेटीगाठी, चकचकीत पुस्तिका यांना फार महत्त्व देऊ नये.

दुसरी गोष्ट दिनदर्शिका. आपल्याकडे मार्चअखेर म्हणजे काय ते सरकारी कचेरीशी संबंध आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तशी अखेर प्रत्येक देशाची असते, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत. ब्रिटन आणि जपानची मार्चमध्ये, ऑस्ट्रेलियाची जूनमध्ये, अमेरिकेची सप्टेंबरमध्ये, जर्मनीची आणि युरोपियन युनियनची डिसेंबरमध्ये. वर्ष संपत आलं की कुठेतरी तरतूद शिल्लक राहते आणि ती परत जाण्याआधी खर्ची पडावी असं अधिकाऱ्यांना वाटतं. जपानमध्ये हिवाळ्यात पुरवणी अर्थसंकल्प येतो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अनेक संस्थांना मिळणारी जपानी मदत त्याच वाटेने येते. त्यासाठीचे प्रस्ताव महिनोन्महिने आधी तयार लागतात. जानेवारीत धावत जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून चांगल्या संस्थेच्या भिंतीवर दोन तक्ते असतात: एक दुष्काळ-पुराच्या हंगामाचा, दुसरा देणाऱ्यांच्या आर्थिक वर्षांचा. हे दोन क्वचितच जुळतात. भुकेचे महिने आणि निधीचे महिने यांच्यातलं अंतर कमी करणं हेच यातलं सर्वांत कसबाचं काम.

प्रस्ताव लिहायला घेण्याआधी बोलणं होतं, आणि बरंचसं तिथेच ठरतं. या वर्षी तुमचा भर कशावर आहे, कोणत्या जिल्ह्यात आधीच तीन संस्था आहेत, पाण्याचं काम हवंय की पोषणाचं, हे मोकळेपणाने विचारता येतं. अधिकारीही विचारतो: तिथे तुमची माणसं आहेत का? रस्ता तुमच्या हातात आहे का? ‘नाही’ असेल तर ‘नाही’ म्हणावं. सुरुवातीलाच दिलेला प्रामाणिक नकार पुढे कामी येतो, कारण त्याच अधिकाऱ्याला वर्षभराने तुमचा होकार तपासून पाहावा लागत नाही.

मग अर्ज. ‘एको’चा अर्ज एकच असतो आणि तोच प्रकल्प संपेपर्यंत पुढे चालतो. प्रस्ताव, मधला अहवाल आणि शेवटचा अहवाल हे त्याच दस्तऐवजात भरत जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात लिहिलेला आकडा शेवटच्या दिवशी तुमच्याच उत्तराच्या शेजारी छापलेला दिसतो. अर्ज लिहिताना छावणीवरचा माणूस खोलीत हवा, तो याचसाठी.

पैशाच्या बाबतीत सर्वांत जास्त घासाघीस होते ती कार्यालयीन खर्चावर. हिशेबनीस, संगणक, सुरक्षा, मुख्यालयाचं भाडं यांसाठी ‘एको’ प्रकल्पाच्या थेट खर्चावर 7 टक्क्यांपर्यंत रक्कम देतं. अमेरिकेच्या नियमांत, ज्या संस्थेचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही तिला 10 टक्के मिळायचे, ते ऑक्टोबर 2024 पासून 15 झाले. लोकांना हा खर्च वायफळ वाटतो. पण हिशेब चोख हवा, चोरी पकडली गेली पाहिजे, कर्मचारी सुरक्षित राहिले पाहिजेत असं म्हणायचं आणि त्यासाठी लागणाऱ्या माणसांचे पगार मात्र द्यायचे नाहीत, हे चालत नाही. ही बाब वाटाघाटीत संकोच न करता मांडली पाहिजे. मोठ्या संस्था स्थानिक भागीदारांना पैसे देताना हा वाटा स्वतःकडेच ठेवतात असाही अनुभव येतो. ते अन्यायाचं आहे.

पैसा दोन तऱ्हेचा असतो. एक बांधलेला: अमुक देश, अमुक जिल्हा, अमुक वस्तू. दुसरा मोकळा: जिथे गरज सर्वाधिक तिथे वापरा. दुसऱ्या प्रकारचा पैसा मिळवायला सर्वांत अवघड, कारण त्यावर झेंडा लावता येत नाही आणि संसदेत फोटो दाखवता येत नाही. स्वीडनसारखे काही देश वर्षानुवर्षं असा पैसा देत आले आहेत. 2016 मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठे देणगीदार आणि मोठ्या संस्था यांच्यात ‘ग्रँड बार्गेन’ नावाचा समझोता झाला. त्यात 2020 पर्यंत 30 टक्के निधी मोकळा किंवा सैल अटींचा असावा आणि 25 टक्के निधी शक्य तितक्या थेटपणे स्थानिक संस्थांकडे जावा, असं ठरलं. स्थानिक संस्थांपर्यंत प्रत्यक्षात पोहोचलेला वाटा त्या उद्दिष्टाच्या जवळपासही गेला नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने वेगळी वाट काढली. वर्षाला किमान 1 कोटी स्विस फ्रँक देणाऱ्या सरकारांचा तिने एक गट केला आहे, आणि त्या गटाला संस्थेच्या कामाबद्दल आणि अडचणींबद्दल नियमित, सविस्तर माहिती मिळते. मोकळा पैसा देणाऱ्याला बदल्यात समजून घेण्याची संधी मिळते, आणि पुष्कळ सरकारांना तेवढं पुरतं.

करार झाला, पहिला हप्ता आला, की अहवालांचा काळ सुरू होतो. इथे जरा थांबू, कारण बहुतेक संबंध इथेच बिघडतात.

समजा करारात 5,000 कुटुंबांना तीन महिने रोख मदत असं लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात 4,300 कुटुंबांना ती मिळाली. अहवालात वाक्य येतं: ‘काही अपरिहार्य कारणांमुळे उद्दिष्ट अंशतः साध्य झाले.’ हे वाक्य वाचून अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आता दुसरं वाचा: ‘दुसऱ्या महिन्यात पूर आला आणि नदीपलीकडच्या दोन वस्त्यांचा रस्ता सहा आठवडे बंद राहिला, त्यामुळे तिथली 700 कुटुंबं राहिली. हे 12 तारखेला फोनवर आणि 14 तारखेला पत्राने कळवलं होतं. त्यांची रक्कम शिल्लक आहे. रस्ता सुरू झाला आहे. मुदत एक महिना वाढवून मिळाल्यास त्यांना पूर्ण मदत देता येईल.’ का झालं, किती राहिले, पैसे कुठे आहेत, आम्हाला कधी कळवलं, आता काय हवं, या पाचही प्रश्नांची उत्तरं त्यात आली. अधिकारी ते वाक्य उचलून जसंच्या तसं वर पाठवू शकतो.

या वाक्यामागे कागद लागतात. वाटपाच्या यादीवर सही किंवा अंगठा, खरेदीची तुलनात्मक दरपत्रकं, कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची नोंद, माल उतरल्याची पोच. यांतला एक कागद नसला तर लेखापरीक्षक तो खर्च अपात्र ठरवतो आणि तेवढी रक्कम संस्थेला पदरची भरावी लागते. चलनाचाही घोळ असतो. जुलै 2024 च्या अखेरीस इथिओपियाने आपलं चलन बिर बाजारावर सोडलं आणि पुढच्या काही आठवड्यांत त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. युरोत करार केलेल्या संस्थेच्या खात्यात एकाएकी कागदोपत्री जास्त बिर दिसायला लागले, पण आयात मालाचे भाव चढले आणि आखलेला खर्च विस्कटला. अशा वेळी अर्थसंकल्पाची फेररचना मागायची ती लगेच. चौथ्या महिन्यातली ही विनंती साधं कामकाज असते, अकराव्या महिन्यात तिच्याकडे संशयाने पाहिलं जातं.

देणगीदाराची प्रत्यक्ष भेट ठरली की कार्यालयात धावपळ उडते. रंगरंगोटी करू नये, मुलांना रांगेत उभं करून गाणी म्हणवू नयेत. छावणीतल्या बाईला तिसऱ्या पाहुण्यासमोर तिसऱ्यांदा तिची कहाणी सांगायला लावणं हे तर क्रौर्यच आहे. पाहुण्याला वाटपाच्या दिवशी न्यावं, रांग दाखवावी, तक्रार पेटी उघडून दाखवावी, बंद पडलेला हातपंपही दाखवावा. मुरलेला अधिकारी बंद पंप पाहून नाराज होत नाही. तो दुरुस्ती कधी होणार हे विचारतो आणि उत्तर मिळालं की वहीत लिहून घेतो.

याहून मोठी वाईट बातमी आली तर काय होतं, हे 2023 मध्ये इथिओपियात दिसलं. तिथल्या टिग्रे प्रांतातलं युद्ध नोव्हेंबर 2022 मध्ये करार होऊन थांबलं होतं. त्यानंतर काही महिन्यांत मदतीचं धान्य मोठ्या प्रमाणावर बाजारात विकलं जात असल्याचं उघड झालं. मे महिन्यात अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या सरकारी मदत संस्थेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने टिग्रेतलं वाटप थांबवलं, आणि जूनमध्ये ते संपूर्ण देशात थांबलं. त्या काळात देशात सुमारे 2 कोटी लोकांना अन्नमदतीची गरज होती. लाभार्थींची नव्याने नोंदणी, याद्या करण्याच्या कामातून स्थानिक प्रशासनाला बाजूला करणं, पोत्यांचा माग ठेवणं अशा सुधारणा करत वाटप हळूहळू सुरू झालं: निर्वासितांसाठी ऑक्टोबरमध्ये, बाकीच्यांसाठी डिसेंबरच्या सुमारास. मधल्या महिन्यांत लोक उपाशी राहिले.

धान्य चोरीला जात असताना देणाऱ्या सरकारने गप्प बसावं असं कुणी म्हणणार नाही. पण संपूर्ण देशाचं वाटप एकदम बंद करणं ही शिक्षा चोरांपेक्षा भुकेल्यांना झाली, असं मला वाटतं. संबंध सांभाळणाऱ्यांसाठी यातला धडा कामाचा आहे. गळतीची पहिली शंका येताच ती देणगीदाराला कळवली, सोबत आपण काय करतो आहोत तेही सांगितलं, तर उपाय एखाद्या गोदामापुरता, एखाद्या तालुक्यापुरता ठेवता येतो. तीच गोष्ट बाहेरून कळली, तर अधिकाऱ्याच्या हातात सगळं बंद करण्यावाचून फारसं काही उरत नाही, कारण त्यालाही वर उत्तर द्यायचं आहे. बहुतेक करारांत गैरव्यवहाराची शंका तातडीने कळवण्याची अट असतेच.

जवळीक वाढली तरी दोन्ही बाजूंनी मर्यादा सांभाळाव्या लागतात. देणाऱ्या सरकारांचे स्वतःचे राजकीय हेतू असतात, आणि मदत संस्थेचं काम गरजेनुसार चालतं. 2003 मध्ये स्टॉकहोममध्ये देणगीदार सरकारांनी उत्तम देणगीदाराची 23 तत्त्वं मान्य केली. मदत फक्त गरज पाहून द्यावी हे त्यांत स्पष्ट लिहिलेलं आहे. अधिकाऱ्याला त्याच्याच सरकारने मान्य केलेलं वाक्य दाखवणं यात काही गैर नाही. काही गोष्टींवर मात्र तडजोड होऊ नये. उपाशी माणसाला अन्न देण्याआधी त्याचं नाव सुरक्षा यादीशी ताडून बघा, अशी अट आली तर नकार द्यावा. इतर अडचणी बोलणी करून सोडवता येतात. आंतरराष्ट्रीय निर्बंधांच्या धाकाने बँका आणि पुरवठादार मदतीच्या कामातून मागे हटत होते. डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2664 मंजूर करून मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी कामाला सूट दिली. त्यामागे संस्थांनी सरकारांशी वर्षानुवर्षं केलेली बोलणी होती. बोधचिन्हाचंही तसंच. पोत्यावर देणाऱ्या देशाचा झेंडा लावल्याने ट्रकचालकाच्या जिवाला धोका असेल तर लेखी सूट मागता येते आणि ती मिळते.

कधी पैसाच नाकारावा लागतो. जून 2016 मध्ये ‘मेडिसां सां फ्रोंटियेर’ या वैद्यकीय मदत संस्थेने युरोपियन युनियन आणि तिच्या सदस्य देशांकडून निधी घेणं बंद केलं. युनियनने निर्वासितांना रोखण्यासाठी तुर्कस्तानशी केलेला करार हे त्याचं कारण. या संस्थेला ते शक्य झालं, कारण तिचा बहुतांश पैसा सामान्य माणसांकडून येतो. ज्यांचा सगळा डोलारा दोन सरकारांवर उभा आहे त्यांना असा नकार देता येत नाही.

दोन सरकारांवर उभं राहण्याचा धोका 2025 मध्ये सगळ्यांना कळला. जागतिक अन्न कार्यक्रम पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालतो. 2022 मध्ये त्याला सुमारे 14 अब्ज डॉलर मिळाले, त्यांतले निम्मे अमेरिकेचे. पुढच्या वर्षी एकूण रक्कम 8 अब्जांच्या आसपास आली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवण्याचा आदेश काढला आणि काम थांबवण्याची पत्रं जगभर गेली. 1 जुलैपर्यंत ‘यूएसएड’ ही संस्थाच संपुष्टात आली. ब्रिटनने 2027 पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 वरून 0.3 टक्क्यांवर आणण्याचं जाहीर केलं. जून 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आपलं वार्षिक आवाहन छाटून 29 अब्ज डॉलरवर आणलं. मूळ आकडा 44 अब्जांच्या घरात होता. अशा लाटेपुढे कितीही चांगले वैयक्तिक संबंध पुरे पडत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. ज्या अधिकाऱ्यांशी ते होते त्यांच्याच नोकऱ्या गेल्या. छोट्या-मोठ्या अनेक सरकारांशी एकाच वेळी संबंध ठेवणं, प्रत्येकाचे नियम पाळणं, आणि काही महिने पुरेल अशी राखीव गंगाजळी बाळगणं महाग पडतं, तरी ते करावंच लागतं.

पुण्या-मुंबईतल्या, मराठवाड्यातल्या संस्थांना या व्यवस्थेचं टोक दिसतं ते परदेशी अंशदान कायद्याच्या रूपाने. परदेशी सरकारचा पैसा हा या कायद्याखाली परदेशी स्रोत ठरतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर तो फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यावर यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेने दुसरीकडे हा पैसा वळवण्यावर बंदी आली. गावपातळीवरच्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांमार्फत पैसा घेत असत, ती वाट त्यामुळे बंद झाली. युरोपातल्या अधिकाऱ्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नये. प्रस्तावाच्या पहिल्या बोलण्यातच या अटी त्याच्यासमोर ठेवाव्यात, म्हणजे करारात अशक्य कलमं येत नाहीत.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: समोरचा अधिकारी बदलतो. परराष्ट्र खात्यांत तीन-चार वर्षांनी बदल्या होतात. जुना अधिकारी जाण्याआधी त्याला भेटून विचारावं की नव्या माणसाला आमच्याबद्दल काय सांगणार आहात. नवा आला की पहिल्या आठवड्यात दोन पानांचं टिपण पाठवावं: आजवर किती करार, आता काय चालू आहे, कोणते प्रश्न अडकले आहेत, कोणत्या अहवालाची तारीख जवळ आली आहे, आणि छावणीवर आमच्या कुणाला फोन करायचा. जुन्या चुकाही त्यातच लिहाव्यात, कारण फायलीत त्या त्याला सापडणारच आहेत. युरोपियन युनियनच्या करारांत शेवटच्या हप्त्यानंतरही साधारणपणे पाच वर्षं कागद जपून ठेवावे लागतात आणि लेखापरीक्षक त्या मुदतीत कधीही येऊ शकतो. तोपर्यंत त्या टेबलावर दुसरा किंवा तिसरा अधिकारी बसलेला असतो, आणि वाटपाच्या यादीवरच्या अंगठ्यांबद्दलचे प्रश्न त्याला विचारले जातात.